गुरुत्वाकर्षण असते, भार नसतो

अवकाशयात्रेविषयी शाळेत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांत एक प्रश्न हमखास असतो : अवकाशयानात माणूस तरंगतो, तो का? उत्तरही ठरलेले असते : तेथे गुरुत्वाकर्षण नसते म्हणून. भंडारा जिल्ह्यातील काही शिक्षकांशी या विषयावर बोलण्याचा आम्हांला योग आला. दहावीला विज्ञान शिकवणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे उत्तर चूक आहे, हे ठाऊक होते. पण ते चूक आहे हे कळल्याने विद्यार्थ्याच्या हाती पुढे काय लागते, या प्रश्नापाशी बोलणे थांबत असे. हा दोष शिक्षकांचा नाही. ज्या पाठावरून हा भाग शिकवला जातो त्याच्या रचनेतच हा थांबा आहे, असे आमचे मत आहे. त्या पाठाचे, आणि त्याच विषयावर २०२४-२५ मध्ये वृत्तपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून झालेल्या लेखन-कथनाचे परीक्षण येथे करावयाचे आहे.

पाठाचे श्रेय

महाराष्ट्र राज्याच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग १’ या २०१८ साली लागू झालेल्या पुस्तकाचा पहिलाच पाठ गुरुत्वाकर्षणावर आहे. त्यात अवकाशातील वजनरहित अवस्थेवर एक छोटा परिच्छेद आहे. त्याचा आशय असा : अवकाश स्थानकाच्या उंचीवर गुरुत्वत्वरणाचे मूल्य शून्य होत नाही, भूपृष्ठावरच्यापेक्षा ते केवळ ११ टक्क्यांनी कमी असते. म्हणजे वजनरहिततेचे कारण उंची नव्हे, मुक्त पतन हे आहे. यान, प्रवासी आणि आतील वस्तू हे सारे सारख्याच वेगाने पडत असल्याने हातातून सोडलेली वस्तू प्रवाशाच्या दृष्टीने जागच्या जागी राहते.

इतक्या थोड्या जागेत इतके निर्दोष विवेचन सहसा आढळत नाही, हे प्रथम मोकळेपणाने म्हटले पाहिजे. आकडाही बरोबर आहे. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७१ किलोमीटर आणि स्थानकाची उंची सुमारे ४०० किलोमीटर. भंडाऱ्याहून जालना सरळ रेषेत साधारण तितकेच दूर आहे. पृथ्वीच्या आकारमानापुढे हे अंतर किरकोळच म्हणायचे. कल्पना करू या की, ४०० किलोमीटर उंचीचा एक मनोरा बांधला आणि त्याच्या टोकावर पन्नास किलोच्या विद्यार्थ्याला वजनकाट्यावर उभे केले. काटा सुमारे ४४ किलो दाखवील. त्याच क्षणी, त्याच उंचीवरून स्थानक शेजारून निघून गेले, तर त्यातील माणसाच्या पायाखालचा काटा मात्र शून्य दाखवील. उंची तीच, गुरुत्वाकर्षण तेच. फरक एवढाच की, मनोरा विद्यार्थ्याला खालून धरून ठेवतो आणि स्थानकातील माणसाला कोणीच धरलेले नसते.

स्थानक पडते, तर जमिनीवर कसे येत नाही? ते सेकंदाला सुमारे ७.६६ किलोमीटर पुढे जाते. त्याच सेकंदात ते सुमारे ४.३ मीटर खाली पडते. आणि पृथ्वी गोल असल्याने तिचा पृष्ठभागही तेवढ्या अंतरात सुमारे ४.३ मीटरच खाली वळलेला असतो. पडण्याचे आणि वळण्याचे हे गणित जुळते तोवर प्रदक्षिणा चालू राहते. विरळ हवेच्या घर्षणाने वेग खात राहिला की गणित बिघडते. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशात जळते गोळे सरकताना अनेकांनी पाहिले, आणि आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावी धातूचे मोठे कडे येऊन पडले. तो एका चिनी प्रक्षेपकाचा अवशेष असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले. वरच्या वस्तूंना गुरुत्वाकर्षण सोडून देते, असे मानणाऱ्याला हे कडे दाखवावे. ते कधीही पृथ्वीच्या पकडीबाहेर गेलेले नव्हते.

शब्दांची अडचण

पाठ बरोबर असूनही चुकीचे उत्तर टिकून राहते, याचे एक कारण शब्दांत आहे. वृत्तपत्रे ‘शून्य गुरुत्वाकर्षण’ म्हणतात. त्याहून शास्त्रीय वाटणारा शब्द म्हणून ‘सूक्ष्मगुरुत्व’ वापरात आला. पण त्यानेही गैरसमज दूर होत नाही, उलट त्याला प्रतिष्ठा मिळते. सूक्ष्मगुरुत्व म्हटले की तेथे गुरुत्वाकर्षण दशलक्षांश उरले आहे, असा अर्थ ऐकणारा करून घेतो. वस्तुतः तो शब्द उरल्यासुरल्या त्वरणांसाठी आहे. विरळ हवेचे घर्षण, यंत्रांची कंपने, स्थानकाच्या पृथ्वीकडील व पलीकडील टोकांना बसणाऱ्या ओढीतील किंचित फरक यांमुळे मुक्त पतन तंतोतंत साधत नाही. राहून जाणारी ही तफावत गुरुत्वत्वरणाच्या साधारण दशलक्षांशाच्या पातळीवर असते.

मराठीत याहून चांगला शब्द घरातच आहे. तो म्हणजे भार. छप्पर भिंतीवर भार टाकते, भिंत पायावर आणि पाया जमिनीवर. आपल्या शरीरातही डोके मानेवर, धड कमरेवर आणि सर्व देह तळपायांवर भार टाकत असतो. गुरुत्वाकर्षण आपल्याला थेट जाणवतच नाही. जाणवतो तो त्याच्या विरोधात खालून मिळणारा आधार. अवकाशयात्रेत हरवतो तो हा आधार आणि त्यासह अंगाच्या भागांनी एकमेकांवर टाकलेला भार. म्हणून आम्ही ‘भारहीनता’ हा शब्द पसंत करतो. हा केवळ शब्दाचा आग्रह नाही. शरीराचे पुढे काय होते, त्याची किल्ली याच शब्दात आहे.

चेंडू आणि माणूस

आता पाठाच्या उणिवेकडे वळू. त्या परिच्छेदातील प्रवासी हा माणूस नाही, तो चेंडू आहे. यान पडते, चेंडू पडतो, प्रवासीही पडतो आणि तिघे एकमेकांच्या संदर्भात स्थिर राहतात. येथे पदार्थविज्ञान संपते आणि परिच्छेदही संपतो. त्याच पुस्तकात अवकाश मोहिमांवर स्वतंत्र पाठ आहे. त्यात उपग्रह आहेत, त्यांच्या कक्षा आहेत, प्रक्षेपक आहेत, चंद्र-मंगळाच्या मोहिमा आहेत, अवकाशातील कचराही आहे. पण त्या यानात बसणाऱ्याच्या शरीराचा विचार नाही. जीवविज्ञान तर ‘भाग २’ मध्ये, म्हणजे वेगळ्या पुस्तकात आणि बहुधा वेगळ्या तासाला. दोन पुस्तकांच्या मधल्या फटीत माणूस हरवला आहे.

खरे तर चेंडू आणि माणूस यांतील फरक येथूनच सुरू होतो. चेंडूला भार असला काय आणि नसला काय, तो चेंडूच राहतो. माणसाचे शरीर मात्र भाराचा हिशेब ठेवते आणि त्याप्रमाणे स्वतःला बदलते. थोडक्यात उदाहरणे पाहू.

पहिले रक्ताचे. गावातील पाण्याची टाकी उंच बांधतात, कारण पाण्याच्या स्तंभाच्या उंचीप्रमाणे तळाचा दाब वाढतो. उभ्या माणसात हृदयापासून पावलापर्यंत सुमारे १२० सेंटिमीटर उंचीचा रक्ताचा स्तंभ असतो. त्याचा दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटर इतका भरतो. म्हणजे हृदयापाशी रक्तदाब १२० असेल, तर पावलापाशी तो २१० च्या आसपास असतो. हा जास्तीचा दाब सोसण्यासाठी पायांच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, शिरांत झडपा असतात आणि पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात. अवकाशात गेल्यावर काही मिनिटांत या स्तंभाचा भार नाहीसा होतो, पण सारी व्यवस्था मात्र जमिनीवरचीच राहते. पायांतून सुमारे दोन लिटर द्रव वरच्या अंगाकडे सरकतो. चेहरा सुजल्यासारखा दिसतो, नाक चोंदते, पाय बारीक होतात. वर साचलेल्या द्रवावरून शरीर समजते की आपल्याकडे पाणी जादा झाले, आणि काही दिवसांत रक्तद्रवाचे प्रमाण दहा ते पंधरा टक्क्यांनी कमी करून टाकते. तेथे राहण्यासाठी ही जुळवणी योग्यच आहे. अडचण येते ती परतल्यावर. रोवणीत तासभर वाकलेली बाई झटकन उभी राहिली की तिच्या डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येते, कारण रक्त पायांकडे उतरते आणि मेंदूकडचा पुरवठा सावरायला थोडा वेळ लागतो. अवकाशातून आलेल्याची अवस्था याच जातीची, पण कितीतरी तीव्र असते.

दुसरे हाडांचे. हाड म्हणजे वासा नव्हे. त्यात झिजवणाऱ्या पेशी आणि भरून काढणाऱ्या पेशी अखंड काम करत असतात, आणि कोठे किती भरायचे हे त्या जागी पडणाऱ्या भारावरून ठरते. भार नाहीसा झाला की झीज चालू राहते आणि भरणी मागे पडते. पुरेसा व्यायाम नसेल, तर खुब्यासारख्या भारवाही हाडांची घनता दरमहा एक ते दीड टक्क्याने घटते. पृथ्वीवर उतारवयातील स्त्रियांच्या हाडांची जी झीज व्हायला साधारण वर्ष लागते, ती तेथे महिन्यात होते. हाडातून सुटलेले कॅल्शियम लघवीवाटे जाते, त्यामुळे मूतखड्याचा धोका वाढतो. स्नायूंचेही असेच. हाताचे स्नायू बऱ्यापैकी टिकतात, पण पोटरीचे आणि पाठीचे, म्हणजे आपल्याला उभे धरणारे स्नायू आधी झडतात. यावर औषध एकच : भार परत आणणे. म्हणून स्थानकातील माणसे दररोज सुमारे दोन तास पट्ट्यांनी स्वतःला यंत्राशी बांधून धावतात, ओढतात, बैठका काढतात. कण्याच्या मणक्यांमधील चकत्यांवरचा दाब गेल्याने उंची मात्र काही सेंटिमीटरनी वाढते आणि पाठ दुखते.

तिसरे तोलाचे. अंतर्कर्णात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक एका चिकट पडद्यावर बसलेले असतात. डोके कलले की ते घसरतात आणि खाली कोठे आहे हे मेंदूला कळते. मुक्त पतनात ‘खाली’च उरत नाही. डोळे एक सांगतात, कान दुसरे. अर्ध्याहून अधिक अवकाशयात्रींना पहिले दोन-तीन दिवस मळमळ होते, नंतर मेंदू कानाचे ऐकणे सोडतो. काही विद्यार्थी भारहीनतेची तुलना वैनगंगेच्या डोहात पोहण्याशी करतात. ती एका मर्यादेपर्यंतच खरी आहे. पाणी बाहेरून उचलून धरते, पण कानातील स्फटिक पाण्याखालीही जड राहतात. म्हणून बुडी मारणाऱ्याला डोळे मिटूनही वर कोठे ते कळते, अवकाशयात्रीला कळत नाही.

चौथे उदाहरण आपल्या जिल्ह्याला जवळचे आहे. निरोगी माणसाच्या शरीरात सेकंदाला सुमारे वीस लाख तांबड्या पेशी नष्ट होतात आणि तेवढ्याच नव्या बनतात. सहा महिने अवकाशात राहिलेल्या १४ जणांच्या अभ्यासात, जो २०२२ साली प्रसिद्ध झाला, हा नाश सेकंदाला सुमारे तीस लाखांपर्यंत, म्हणजे ५४ टक्क्यांनी वाढलेला आढळला. रक्तद्रवही घटलेला असल्याने तेथे उणीव जाणवत नाही. परतल्यावर रक्तद्रव पुन्हा भरला की पंडुरोग उघडा पडतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात सिकलसेल हा घरोघरी माहीत असलेला शब्द आहे. त्या रुग्णांच्या तांबड्या पेशी १२० दिवसांऐवजी दहा ते वीस दिवसांतच फुटतात. दोहोंची कारणे अगदी वेगळी आहेत : एक जनुकाचा दोष, दुसरा परिस्थितीचा परिणाम. ती गल्लत वर्गात होऊ देऊ नये. पण पंडुरोग म्हणजे केवळ रक्त कमी बनणे नव्हे, ते लवकर नष्ट झाल्यानेही होतो, हा मुद्दा दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की विद्यार्थ्याला एका तासात कळतो.

भयाचा बाजार

पाठ जेथे गप्प बसतो तेथे वृत्तपत्रे बोलू लागतात. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर हे ५ जून २०२४ रोजी थोड्या दिवसांच्या मोहिमेवर गेले आणि यानातील बिघाडामुळे २८६ दिवसांनी, भारतीय वेळेनुसार १९ मार्च २०२५ रोजी परतले. त्या काळातील पुष्कळशा मजकुराचे सूत्र एकच होते : अवकाशात शरीराची नासाडी होते. चेहरा ओढलेला दिसला की आजार, स्ट्रेचर दिसले की पंगुत्व. स्ट्रेचर हा दीर्घ मोहिमेवरून येणाऱ्या प्रत्येकासाठीचा नित्याचा शिरस्ता आहे, हे वाक्य फार थोड्या ठिकाणी वाचायला मिळाले. किरणोत्सर्गाचे परिणाम आणि भारहीनतेचे परिणाम तर सर्रास एकाच यादीत घातले जात. किरणोत्सर्गाचा भाराशी काहीही संबंध नाही. यान फिरवून आत कृत्रिम भार निर्माण केला, तरी तो तसाच राहील.

असाच प्रकार २०१८ मध्ये जगभर घडला. स्कॉट केली हे ३४० दिवस अवकाशात राहिले आणि त्यांचे जुळे बंधू पृथ्वीवर होते. परतल्यानंतर स्कॉट यांचा सात टक्के डीएनए बदलला, असे छापून आले. डीएनए बदललेला नव्हता. काही जनुके किती प्रमाणात कामाला लागतात, त्यात बदल झाला होता आणि त्यांपैकी सुमारे सात टक्के बदल सहा महिन्यांनीही पूर्ववत झालेला नव्हता. विटा बदलणे आणि घरातील दिवे कमी-जास्त लावणे यांत जेवढा फरक, तेवढाच हा फरक आहे.

भयाच्या या कथांना उत्तर म्हणून दोन जुन्या घटना शेजारी ठेवाव्यात. जून १९७० मध्ये सोयूझ ९ मधील दोघे १८ दिवसांनी परतले तेव्हा त्यांना उभे राहणेही कठीण झाले होते. मार्च १९९५ मध्ये व्हॅलेरी पोल्याकोव्ह हे रशियन डॉक्टर ४३७ दिवसांनी परतले आणि कुपीपासून जवळच्या खुर्चीपर्यंत स्वतःच्या पायांनी गेले. मधल्या २५ वर्षांत गुरुत्वाकर्षण बदलले नव्हते. व्यायामाचे शास्त्र सुधारले होते. एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा यांनी साल्यूत ७ वर योगासनांचे प्रयोग केले, तेही याच शोधाचा भाग म्हणून. जून-जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर केलेल्या भारतीय प्रयोगांत स्नायूपेशींवरचा एक प्रयोग होता. पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत घडलेल्या या दोघांत ४१ वर्षांचे अंतर आहे, पण प्रश्न एकच आहे. परतल्यावर शुक्ला यांनी सांगितलेली एक गोष्ट वर्गात जरूर सांगावी. पलंगावर बसून काम झाल्यावर त्यांनी लॅपटॉप बाजूला हवेत सोडून दिला. तो तरंगेल, असे त्यांच्या हाताला वाटले होते. शरीर बिघडत नाही, शिकते. आणि परत आल्यावर पुन्हा शिकते.

अर्थात सर्व काही भरून येते असेही नाही. दीर्घ मोहिमांनंतर काहींच्या हाडांची घनता पूर्ववत व्हायला वर्षाहून अधिक काळ लागला आहे. काहींच्या डोळ्यांच्या मागे सूज येते, बुबुळामागचा गोल चपटतो, जवळचे धूसर दिसू लागते. मंगळयात्रेच्या मार्गातील ही खरी अडचण आहे. भीती पसरवणे आणि धोका सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धोका सांगताना त्याचे कारण आणि त्यावरचा उपाय सांगावा लागतो.

खाटेवरचा अवकाशयात्री

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहिला, त्याकडे येऊ. अवकाशात जाणारी माणसे मोजकीच. मग त्यांच्या शरीराचा अभ्यास कसा होतो? त्यासाठी स्वयंसेवकांना आठवडेच्या आठवडे खाटेवर निजवून ठेवतात. खाट डोक्याच्या बाजूने सहा अंश खाली कललेली असते. जेवण, अंघोळ, वाचन सारे पडूनच. जर्मनीतील कोलोन येथे असे साठ दिवसांचे प्रयोग झालेले आहेत. निजल्याने गुरुत्वाकर्षण जात नाही, कानातील स्फटिकही जड राहतात. पण सव्वा मीटर उंचीचा रक्तस्तंभ वीतभर होतो आणि पायांवरचा, कण्यावरचा भार उतरतो. एवढ्याने रक्तद्रव घटतो, पोटऱ्या सुकतात, हाडातील कॅल्शियम बाहेर पडू लागते. मुद्दा गुरुत्वाकर्षणाचा नसून भाराचा आहे, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

१९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे असे निजवून ठेवले. तीस वर्षांनी तीच पाच माणसे पुन्हा तपासली. श्रम करण्याची त्यांची क्षमता तीस वर्षांच्या वयाने जेवढी घटवली, त्याहून जास्त ती त्या तीन आठवड्यांच्या निजण्याने घटली होती. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात निरोगी वृद्धांच्या पायांचे सुमारे एक किलो मांस केवळ दहा दिवस पडून राहिल्याने गेले.

हे वाचताना आपल्या डोळ्यांपुढे ह्यूस्टन किंवा मॉस्को येऊ नये. लाखांदूर, पवनी, मोहाडीकडच्या कोणत्याही गावातील पडवी यावी. तापातून उठलेली आजी, पाय मुरगळलेले आजोबा. घरचे प्रेमाने सांगतात, ‘पडून राहा, उठू नका, ताकद येऊ द्या.’ महिन्याने ती व्यक्ती उठू शकत नाही आणि सारे म्हणतात, वय झाले. त्यातील कितीतरी वाटा वयाचा नसतो, खाटेचा असतो. काही आजारांत पूर्ण विश्रांती लागतेच, आणि ती किती हे डॉक्टरांनी ठरवायचे. पण खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतरही आज डॉक्टर रुग्णाला शक्य तितक्या लवकर आधार देऊन उभे करतात, ते याच कारणाने. अवकाशात दोन तास पट्ट्यांशी झगडून जो भार मिळवावा लागतो, तो आजीला कोणाचा तरी हात धरून दिवसातून चार वेळा उभे राहिल्याने फुकट मिळतो.

पाठाविषयीची आमची तक्रार हीच आहे. एक अवघड भौतिक कल्पना त्याने अचूक मांडली आणि ती विद्यार्थ्याच्या घरापर्यंत पोचण्याच्या एक पाऊल आधी सोडून दिली. ‘शास्त्रीय कारणे द्या’ या प्रश्नात ‘मुक्त पतनामुळे’ असे लिहून गुण मिळतात. पण तोच विद्यार्थी घरी आजीला पडून राहा म्हणतो. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांना पानांची मर्यादा असते आणि विषयाची चौकट पाळावी लागते, हे आम्ही जाणतो. तरीही त्या परिच्छेदाखाली चार ओळी आणि ‘भाग २’ कडे बोट दाखवणारी एक खूण एवढे सहज शक्य होते.

वर्गात काय करता येईल

पुस्तक बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढील तीन कृतींना जवळजवळ खर्च नाही.

पहिली : प्लास्टिकच्या बाटलीला तळाशी छिद्र पाडावे, पाणी भरावे, झाकण काढावे. बाटली धरली असता धार पडते. ती उंचावरून सोडली की पडत असतानाच्या काळात धार थांबते. पाण्याला गुरुत्वाकर्षण आहेच, पण वरच्या पाण्याने खालच्या पाण्यावर टाकलेला भार गेला. बाटलीच्या जागी माणूस आणि पाण्याच्या जागी रक्त ठेवून पाहा, असा प्रश्न लगेच विचारावा.

दुसरी : विद्यार्थ्याला पाच मिनिटे सतरंजीवर निजवून नाडी मोजावी, मग उभे करून पुन्हा मोजावी. मिनिटाला साधारण दहा-वीस ठोक्यांचा फरक पडतो. हा फरक म्हणजे रक्तस्तंभ उचलून धरण्याची मजुरी. आजारी असलेल्या, तसेच सिकलसेल असलेल्या मुलांना यात आग्रहाने घेऊ नये. त्यांच्याकडे नोंदवहीचे काम द्यावे.

तिसरी : सकाळी उठल्याबरोबर आणि संध्याकाळी स्वतःची उंची भिंतीवर खूण करून मोजावी. दिवसभराच्या भाराने मणक्यांतील चकत्या दबतात आणि उंची सुमारे एक सेंटिमीटरने कमी भरते. रात्री निजल्यावर ती परत येते. वर्गातील सर्वांची मापे घेऊन सरासरी काढली, तर गणिताचा तासही साधेल.

याखेरीज, अवकाश स्थानक भंडाऱ्याच्या आकाशातूनही जाते आणि पहाटे किंवा सायंकाळी ठळक ताऱ्यासारखे सरकताना नुसत्या डोळ्यांनी दिसते. ते दाखवताना ‘ते पाहा, वर गुरुत्वाकर्षण नाही’ असे न म्हणता ‘ते पाहा, पडत चालले आहे’ असे म्हणावे. आणि परीक्षेच्या प्रश्नाला एक उपप्रश्न जोडावा : अवकाशयात्री रोज दोन तास व्यायाम का करतो, आणि तुमच्या घरातील कोणाला त्या उत्तराचा उपयोग होईल? पहिल्या भागाचे उत्तर पुस्तकावरून तपासता येईल. दुसऱ्याचे उत्तर प्रत्येक विद्यार्थ्याचे वेगळे असेल. तपासणाऱ्या शिक्षकाला त्यासाठी थोडा अधिक वेळ द्यावा लागेल, आणि तो वेळ सत्कारणी लागेल, याविषयी आम्हांला शंका नाही.